सुगरणीचा नवरा

खानदेशातला मे महिना ज्यांनी अंगावर काढला आहे, त्यांना मराठीतली उत्तम निसर्गकविता कुठल्या मातीत उगवली हे सांगितलं, तर ते आधी आपल्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहतील. पारा ४५ अंशांच्या आसपास मुक्काम ठोकून असतो. भर दुपारी गावातली कुत्री नळाच्या ओलीत पोट टेकून पडतात, एस. टी.च्या खिडकीची कड हाताला चटका देते, आणि एखादा माणूस डोक्याला उपरणं गुंडाळून, खाली मान घालून असा लगबगीने जातो, की सूर्याकडून उसने घेतलेले पैसे त्याने अजून फेडलेले नाहीत आणि आज नेमका सावकार चौकात उभा आहे. निसर्गाची छायाचित्रं काढून कॅलेंडरं छापणारे लोक इकडे फिरकत नाहीत. त्यांचं बरोबरच आहे. छापणार काय? भेगाळलेली काळी जमीन, कपाशीच्या उभ्या पऱ्हाट्या, एक बाभूळ, आणि तिच्या सावलीत आधीच जागा धरून बसलेली दोन माणसं व एक शेळी. त्या शेळीच्या चेहऱ्यावरही निसर्गाविषयी विशेष आदर दिसत नाही.

तरी बालकवी इथले, धरणगावचे. बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या. मर्ढेकरांचं बालपण याच मुलखातलं. महानोरांचं पळसखेड कागदोपत्री मराठवाड्यात असलं, तरी अजिंठ्याच्या अंगाने खानदेशाला खांदा लावूनच बसलेलं. कोकणाने थोडं मनाला लावून घ्यावं अशीच ही यादी आहे. अर्थात केशवसुत मालगुंडचे आणि बोरकर गोव्याचे, त्यामुळे तिकडे अगदीच दुष्काळ पडलेला नाही. पण मला आपलं वाटतं, जिथे पाणी बारा वाटांनी धावतं तिथे माणूस त्याच्याकडे पाहायचं हळूहळू सोडून देतो. कोकणातला एक स्नेही जुलैच्या अखेरीस पावसाबद्दल असा बोलतो, जणू तो कोणी भाऊबंद आहे आणि त्याच्याशी जमिनीचा दावा चालू आहे. आमच्याकडे वर्षाला कसाबसा सातशे मिलिमीटर पाऊस. जूनमध्ये एक सर पडली तरी अख्खी गल्ली ओट्यावर येऊन उभी राहते. कोणी काही बोलत नाही. बोलावं असं त्यात नसतंच. सगळे फक्त पाहतात, आणि सर गेल्यावर एकमेकांकडे बघून, जणू आपणच ती पाडली अशा समाधानाने आत जातात.

आमच्या लहानपणी उन्हाळ्याच्या रात्री सगळं घर धाब्यावर झोपायला जायचं. धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर. दिवसभर ते तव्यासारखं तापलेलं असे. दिवेलागणीला त्यावर बादलीभर पाणी शिंपडलं, की मातीचा एक असा वास उठे, की पहिल्या पावसाचीच ही उचल घेतली आहे आणि ती पुढे जूनमध्ये वळती करून घेतली जाणार आहे. मग गोधड्या, मग पाण्याचा तांब्या, मग आजी. आजीला आकाशाची माहिती जेवढ्यास तेवढी होती. सप्तर्षी तिच्या लेखी ऋषी नव्हतेच. ते एक खाटलं होतं, कुणा म्हातारीचं. चार चांदण्या म्हणजे त्याचे चार खूर, आणि शेपटातल्या तीन चांदण्या म्हणजे ते खाटलं चोरून ओढत नेणारे तीन चोर. ही फिर्याद मी दर उन्हाळ्यात ऐकत असे. एकदा मी विचारलं, ‘‘आजी, मग ते चोर सापडले का नाहीत?’’ आजी पदराने वारा घेत म्हणाली, ‘‘सापडले असते त पुढच्या उन्हायात तुले काय दाखोलं असतं?’’ एवढं बोलून तिने कूस बदलली, आणि उद्या बिबड्या घालायच्या तर ज्वारीचा कोंडा काढायचा राहिला आहे, हे खाली अंगणात आवराआवर करत असलेल्या सुनेला वरूनच ओरडून सांगितलं. विश्व आणि बिबड्या यांच्यात तिला फारसं अंतर वाटत नसे. दोन्ही वाळवणं वरच घातलेली असायची.

पुढे वाचनात एक साल आलं आणि ते डोक्यातून जाईना. १९०७. त्या वर्षी जळगावात महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशाने लष्करी डॉक्टर, हौसेने कवी, आणि व्यासंगाने वनस्पतिशास्त्रज्ञ. या संमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा उभा राहिला आणि त्याने आपली कविता म्हटली. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. ती त्याला अशी चिकटली की आज ठोमरे म्हटल्यावर लोक कोण ठोमरे म्हणून विचारतात. मला या प्रसंगात मौज वाटते ती कीर्तिकरांची. या माणसाने आयुष्यभर झाडांची पानं उलटीपालटी करून पाहिली; कुठली साल कुठल्या तापावर, कुठलं मूळ कुठल्या पोटदुखीवर, याचा हिशोब मांडला. मेजर बसूंच्या जोडीने त्यांनी भारतातल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१८ साली बाहेर पडला आणि अजून अभ्यासक त्याची पानं चाळतात. अशा माणसासमोर एक किरकोळ अंगाचं पोर उभं राहतं आणि फुलापानांबद्दल जे काही सांगतं, त्याचा कुठल्याच दुखण्यावर उपयोग नाही. आणि हा शास्त्रज्ञ ते ऐकून खूश होतो! त्या काळी परीक्षक मंडळं नेमत नसत हे आपलं नशीब. आज असती, तर वनस्पतींच्या माहितीतल्या त्रुटींकडे कवीचं लक्ष वेधून त्याला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र दिलं असतं.

पण या गोष्टीला आणखी एक खोली आहे, आणि तिचं दार गावाच्या दुसऱ्या अंगाला उघडतं. त्याच जळगावात, त्याच १९०७ साली, चौधरींच्या घरात सत्ताविशीतली एक सून होती. तेराव्या वर्षी लग्न होऊन आसोद्याहून इथे आलेली. लिहिता-वाचता येत नाही. त्याच वर्षी तिला मुलगा झाला, त्याचं नाव सोपान. गावात कवींचा मेळा भरलेला असताना ही बाई काय करत असेल ते सांगायला इतिहासकार लागत नाही: दळण, शेण, शेत, भाकरी, पोर. संमेलनाचं निमंत्रण तिला नव्हतं, आणि तिलाही त्या मंडळींची आठवण होण्याचं कारण नव्हतं. मांडवात कविता म्हटल्या जात होत्या, आणि काही गल्ल्या पलीकडे घरोटावर दाणे भरडले जात होते. आमच्याकडे जात्याला घरोट म्हणतात. त्याच्या घरघरीवर स्वार होऊन ही बाई जे गुणगुणत असे, ते ऐकायला घरोट, दाणे आणि भिंत, एवढाच श्रोतृवर्ग. तो मात्र शेवटपर्यंत जागेवर बसून असे. संमेलनांत असा श्रोता अजून मिळायचा आहे.

निसर्गाची कविता आम्हांला शाळेत भेटली ती दहा गुणांची होऊन. तिच्याखाली ‘शब्दार्थ’ नावाची ओसरी असे आणि त्याखाली ‘स्वाध्याय’ नावाचं अंगण. कवीला निसर्गाविषयी काय वाटते ते तुमच्या शब्दांत लिहा, असा प्रश्न ठरलेला. आमच्या शब्दांत लिहिलं तर गुण जात, म्हणून आम्ही ते गाइडच्या शब्दांत लिहीत असू. कवीला निसर्गाविषयी नेहमी एकच गोष्ट वाटायची. तो निसर्गाच्या विविध छटांनी मंत्रमुग्ध होऊन जाई. बिचाऱ्याला दुसरा उद्योगच नव्हता. एका श्रावणात आमचे गुरुजी बालकवींचा श्रावण शिकवत होते. ते तन्मय होऊन शिकवत. हातातला खडू पावसासारखा तिरका धरून ते एक एक ओळ हवेत लिहीत, आणि शब्दांना चाल लावताना त्यांचा जाडजूड आवाज नव्या नवरीसारखा लाजून हळू होई. नेमका त्याच वेळी बाहेर ऊन असतानाच सर आली. खरी. पटांगणातल्या निंबावर एकीकडून ऊन आणि दुसरीकडून पाऊस, आणि मधे ओल्या पानांचा एक थरकाप. चाळीस डोकी एकदम खिडकीकडे वळली. गुरुजींनी डस्टर टेबलावर आपटला. ‘‘बाहेर काय पाहताय? श्रावण इथे चाललाय!’’ असं म्हणून त्यांनी मॉनिटरला खिडकी लावून घ्यायला सांगितली, कारण पुस्तकं भिजत होती. खिडकी लागली, अंधार झाला, आणि त्या अंधारात आम्ही इंद्रधनुष्याच्या कमानीपर्यंत पोहोचलो. गुरुजी आता नाहीत. त्यांच्यावर रागवावं असं तेव्हाही वाटलं नव्हतं. ज्या माणसाला पुस्तकातला श्रावण भिजू नये असं इतकं मनापासून वाटतं, त्याच्यावर कुणी कसं रागवणार?

खरं तर कवितेचा आणि ऋतूचा हिशोब कायमच असा आगेमागे असतो. माझ्या ओळखीचे एक कवी दिवाळी अंकांसाठी शरदाच्या चांदण्यावर लिहितात. संपादकांना मजकूर उन्हाळा सरता सरता हवा असतो. त्यामुळे मे महिन्याच्या दुपारी कूलरला पाणी भरून, बनियनवर बसून, हे गृहस्थ कोजागरी लिहीत असतात. मधे वीज गेली की चांदणं थांबतं. होळीच्या पुरवणीसाठी पळस हवा तर तो त्यांना ऐन थंडीत स्वेटर घालून फुलवावा लागतो. मी एकदा त्यांना म्हटलं, ‘‘अहो, जेव्हा चांदणं असतं तेव्हा काय करता?’’ ते म्हणाले, ‘‘तेव्हा अंकांचे मानधनाचे चेक आले का ते बघत असतो.’’ यावर हसायला आलं, पण नंतर वाटलं, त्यांचं तरी काय चुकतं? समोर असताना जे पाहायचं राहून गेलं, तेच माणूस सहा महिन्यांनी आठवून लिहितो. मे महिन्यात चांदण्याची आठवण यावी इतकं तरी ते त्याच्या अंगात मुरलेलं असतं. ज्याच्या अंगात ते मुरलेलं नसतं, तो मे महिन्यात फक्त कूलर दुरुस्त करणाऱ्याला फोन करतो.

बालकवींना ही उसनवारी लागली नसावी. ते पाहत आणि लिहीत. अहमदनगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी ते घरच्या मुलासारखे राहिले, आणि लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांना ज्या मायेने आणि थट्टेने उभं केलं आहे, ते वाचल्यावर ‘निसर्गकवी’ या शब्दाभोवतीचा कडक इस्त्रीचा कोट गळून पडतो. आत एक हळवा, लहरी, कुणीतरी जेवायला वाढावं लागणारा मुलगा दिसतो. मग ‘औदुंबर’ वाचावी. आठ ओळींची कविता. त्यात टेकडी, गाव, शेतं, वाट आणि पाण्याकाठचं एक झाड, एवढा ऐवज. त्या आठ ओळींवर मराठी समीक्षेने जो कागद खर्च केला, त्यासाठी किती झाडं पडली असतील याचा हिशोब कीर्तिकरांनाच करता आला असता. कुणी म्हणालं, हे निव्वळ चित्र आहे. कुणाला त्यात विरक्त साधू दिसला, कुणाला मृत्यू, कुणाला कवीचं स्वतःचं एकाकीपण. वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटू नये अशीच माझी इच्छा आहे. इतकी शहाणी माणसं एका उंबराच्या झाडाखाली इतकी वर्षं बसून भांडत आहेत, यापेक्षा त्या झाडाचा आणखी सत्कार तो कुठला? शाळेच्या वर्गातही एक पोरगा उठून म्हणाला होता, ‘‘गुरुजी, झाड पाण्यात पाय सोडून बसलंय, कारण उन्हाळा असंल.’’ त्याला बाकावर उभं करण्यात आलं. आता वाटतं, एकही समीक्षक खानदेशातला मे महिना हिशोबात घेत नाही, हा मुद्दा त्याने योग्य मांडला होता.

५ मे १९१८. जळगाव-भुसावळ लोहमार्गावर भादली नावाचं लहानसं स्टेशन आहे. तिथे रूळ ओलांडताना मालगाडीखाली सापडून बालकवी गेले. वयाची अठ्ठावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. मे महिनाच होता. या ठिकाणी काहीतरी सुंदर वाक्य लिहिण्याचा मोह बऱ्याच लेखकांना झाला आहे आणि तो आवरलेला बरा. मला फक्त भूगोल दिसतो. भादली आणि आसोदा ही शेजारशेजारची गावं. एकाचा शेवट जिथे झाला, तिथून दुसरीचं माहेर हाकेच्या अंतरावर. म्हणजे एकाच काळ्या जमिनीच्या तुकड्यावर, एकाच उन्हात, मराठी कवितेतले दोन नवलाचे झरे वाहून गेले आणि त्यांची एकमेकांना ओळखही नव्हती.

बहिणाबाईंच्या वाट्याला उसंत आलीच नाही. तिशीत वैधव्य, मागे तीन लेकरं, शेती, भाऊबंदकी. निसर्ग पाहायला त्या कुठे गेल्या नाहीत. निसर्गच त्यांच्याकडे रोज कामाला यायचा. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी ही आपल्याला शेतीची कामं वाटतात, त्यांच्याकडे त्या कवितांच्या जागा झाल्या. उपणणीचंच बघा. धान्य वाऱ्यावर धरायचं, भूस उडून जायचा, दाणा पायाशी पडायचा. वारा पडला की काम अडतं. मग बाई वाऱ्याची वाट पाहत, टोपलं कमरेला लावून, उभी. अशा वेळी वाऱ्याशी बोलल्यावाचून गत्यंतर नसतं. आपण शहरातली माणसं वाऱ्याशी बोलत नाही, कारण आपलं त्याच्याकडे काही काम अडलेलं नसतं. आम्ही त्याला पंख्याच्या रेग्युलेटरवर आणून ठेवला आहे. निसर्गावर मुग्ध होऊन जाणारी कविता आणि निसर्गाशी घासाघीस करणारी कविता यांतली दुसरी मला अधिक जवळची वाटते, हे कबूल करून टाकतो. त्यात कौतुकाबरोबर थोडा राग असतो, थोडी लाडीगोडी, आणि ‘बाबा रे, आता ये एकदाचा’ असा घरच्या माणसाला लावावा तसा सूर.

ही सगळी गाणी वाऱ्यावरच गेली असती. मुलगा सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी जमतील तशी ती टिपून ठेवली. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. सोपानदेव एव्हाना स्वतः नाव असलेले कवी. पण आपल्या अडाणी आईच्या या ओळी थोरामोठ्यांना कशा दाखवायच्या, या संकोचात होते. शेवटी त्यांनी त्या आचार्य अत्र्यांना दाखवल्या, आणि अत्र्यांनी हात आखडता घेण्याचा प्रश्नच नव्हता. १९५२ साली ‘बहिणाबाईची गाणी’ अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघाली. अत्र्यांच्या घराला एकूणच लहान गोष्टींतलं नवल ओळखायचा नाद असावा. त्यांच्या कन्या शिरीष पै यांनीच पुढे जपानचा तीन ओळींचा हायकू मराठीत रुजवला. आणि आता बहिणाबाईंचं नाव कुठे आहे म्हणाल, तर २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला. जिला अक्षर लावता येत नव्हतं, तिच्या नावाने हजारो पोरांना पदव्या मिळतात. पदवीदान समारंभात काळे झगे घालून, घामाने निथळत रांगेत उभी राहिलेली ही पोरं पाहिली, की मला बहिणाबाई मागच्या खुर्चीवर बसलेल्या दिसतात, आणि त्या शेजारणीच्या कानात विचारत असतात, ‘‘एवढ्या उन्हायात यायले काये घोंगडे कोनी पांघरले ओ?’’

आता सुगरणीकडे येतो, कारण हा सगळा लेख मी तिच्यासाठीच लिहायला घेतला होता.

बहिणाबाईंची सुगरणीच्या खोप्यावरची कविता ठाऊक नाही असा मराठी शाळेत शिकलेला माणूस सापडणं कठीण. झाडाला टांगलेलं ते घरटं, त्याची कारागिरी, आणि पिलांसाठी एवढा खटाटोप करणारी ती एवढीशी पाखरीण. दोन हात नाहीत, दहा बोटं नाहीत, आणि तरी हे काम. चौथीपाचवीतल्या पोरांना या कवितेवरून ‘आई किती कष्ट करते’ यावर निबंध लिहायला सांगतात. हे सगळं सुरळीत चाललेलं असताना पक्षिशास्त्र मधे येतं. १९३० साली सालिम अली बर्लिनहून शिकून परतले, तर मुंबईत त्यांच्यासाठी नोकरी शिल्लक नव्हती. मग अलिबागजवळ किहीमला राहून, घराजवळच्या झाडावरच्या सुगरणींच्या वस्तीवर ते नजर लावून बसले. बेकार माणसाने सुगरणीकडे पाहत बसावं यात नवल नाही. घरच्यांना काय वाटलं असेल हा भाग वेगळा. पण त्या बेकारीतून जी गोष्ट निघाली ती अशी: घरटं बांधतो तो नर. पिवळी टोपी घातलेला, पावसाळ्यात रंगात आलेला नर. तो गवताच्या किंवा उसाच्या पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडतो, कापलेली कड धरून उडतो, आणि एक लांब दोरा सुटून येतो. असले दोरे विणत विणत तो घरटं निम्म्यावर आणतो. त्या वेळी ते हेल्मेटसारखं दिसतं. आणि मग माद्या पाहणीला येतात.

हा पाहणीचा कार्यक्रम मी आमच्या मळ्यातल्या विहिरीवर पाहिला आहे. विहिरीवर वाकलेली बाभूळ, खाली शेवाळलेलं पाणी, आणि पाण्याच्या वर ओळीने लटकणारे अर्धेमुर्धे खोपे. प्रत्येकाला उलटा लटकून एक नर पंख फडफडवत, कंठशोष करत असतो. मादी येते. साधी, मातकट, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. खोप्यात शिरते, आतला आडवा पट्टा चोचीने ओढून पाहते, इकडून तिकडून डोकावते. फ्लॅट बघायला आलेल्या मावशी नळ सोडून पाहतात, खिडकीची कडी हलवून पाहतात, तसं. बिल्डर दारात उभा. आणि मग काही न बोलता ती उडून शेजारच्या खोप्यात जाते. नर थोडा वेळ गप्प राहतो. मग पुन्हा एक पातं घेऊन येतो, नाहीतर ते काम तसंच सोडून शेजारी दुसरं धरतो. मान्य झालं तर मादी आत अंडी घालते, आणि नर बाहेरची नळी विणून खोपा पुरा करतो. पुरा झाला की हे गृहस्थ दुसऱ्या फांदीवर दुसरा खोपा बांधायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी. पिलांचं खाणंपिणं मुख्यतः पहिलीकडे. म्हणजे एकूण संसार आपल्या ओळखीचाच निघतो. फक्त इमारत खात्याकडे कोण होतं एवढाच बदल.

आता करायचं काय? माझ्या परिचयातल्या एका पक्षिमित्राने यावर तोडगा काढला होता. पाठ्यपुस्तकात कवितेखाली तळटीप द्यावी, की प्रत्यक्षात हे काम नर करतो. त्याच्या म्हणण्यात चूक काही नाही. पण मी बहिणाबाईंच्या जागी उभा राहून पाहतो. पहाटे उठून दळलेलं, दिवसभर निंदणी केलेली, नवरा गेलेला, लेकरं घरी वाट पाहणारी एक बाई संध्याकाळी डोक्यावर भारा घेऊन विहिरीपाशी थांबते. वर खोपा झुलतो आहे, आतून चिवचिव येते आहे. चोचीत किडा धरून जी आत शिरते, ती मादी असते. त्या वेळी नर कुठे असतो ते वर सांगितलंच. म्हणजे बहिणाबाईंनी जे पाहिलं ते खरंच पाहिलं. त्या ज्या वेळी पाहायला मोकळ्या झाल्या, त्या वेळी खोप्यावर तीच होती. सालिम अलींना सकाळपासून पाहत बसायला वेळ होता. त्यांनी बांधकाम पाहिलं, बाईंनी संसार पाहिला. दोघांनाही मान वर करावी लागली, हे मला फार मोठं वाटतं. आम्ही शेकडो वेळा त्याच विहिरीवर मोटार चालू करायला गेलो आणि स्टार्टरचं बटण पाहून परत आलो.

इंदिराबाई संतांची गवतफुलावरची कविता शाळेत असताना पाठ होती. ते फूल पाहायला वाकावं लागतं हे पाठ करताना कुणी सांगितलं नव्हतं. महानोर विधान परिषदेत जाऊन पाण्यावर, शेतीवर बोलले आणि परत येऊन पिकात उभे राहिले. त्यांच्या ‘रानातल्या कविता’ १९६७ सालच्या, पण त्या रानात कधीही शिरावं, पायाला ओल लागतेच. ही सगळी मंडळी काही आपल्याला पर्यटनाला नेत नाहीत. खर्च नाही, तिकीट नाही, डबा बांधून घ्यायचं कारण नाही.

तेव्हा वाचकहो, एवढंच सांगणं आहे. येत्या पावसाळ्यात एखाद्या विहिरीवर खोपे दिसले तर पाच मिनिटं गाडी थांबवा. सोबत मुलं असतील तर त्यांना नर दाखवा, त्याला त्याच्या कामाचं श्रेय मोकळ्या मनाने द्या. इतकी वर्षं बिचाऱ्याचं नाव कुठे लागलेलं नाही. पण मग बहिणाबाईंची कविताही त्यांना पूर्ण म्हणून दाखवा, आणि तिच्यात दुरुस्ती करू नका. सुगरणीच्या नवऱ्याची काही तक्रार आल्याचं ऐकिवात नाही.